एका हाताने उघडणारी बॅग

फोटोवालीला एक बॅग घ्यायची होती. कॅमेऱ्याची, खांद्याला लावायची, बऱ्यापैकी दिसणारी. बस्स, एवढंच. पण एखाद्याचं लग्न ठरतानाही जेवढी माणसं मत देत नाहीत, तेवढी त्या बॅगेसाठी पुढे सरसावली. त्यातल्या एकालाही ती उचलायची नव्हती, हे सांगायला नकोच.

फोटोवाली हे अर्थात तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. इमारतीत सगळे तिला तशी हाक मारत, इतकंच. गेल्या दीड वर्षात तिने स्वतःच्या मुलीशिवाय कुणाचा फोटो काढला नव्हता, आणि तिचेही काढले ते फोनवर, अकरा हजारांच्या आसपास, निम्मे हललेले. कॅमेरा कपाटाच्या वरच्या फळीवर स्वेटरांच्या मागे सेवानिवृत्त होऊन बसला होता. मुलीला घरात फौजदार म्हणत. रांगायला लागल्यापासून ती रोज सगळ्या कपाटांची झडती घेई, सापडलेला माल जप्त करी आणि सोडवायला जाणाऱ्यावरच ओरडे.

फौजदार जन्मायच्या आधी फोटोवाली एका स्टुडिओत होती. तिथे फक्त तान्ह्या बाळांचे फोटो निघत. टोपलीत बाळ, डोक्यावर लोकरीची टोपी, गालाखाली दुमडलेले हात, डोळे मिटलेले. बाळाने डोळे मिटलेलेच हवेत. उघडे डोळे हा त्या धंद्यात खोट असलेला माल. स्टुडिओच्या मालकीणबाईंना सगळे मॅडम म्हणत. मॅडमना स्वतःला मूल नव्हतं, पण चारशे बाळं हाताळल्याच्या अधिकारात त्या आल्यागेल्या प्रत्येक आईला बाळ कसं धरायचं ते शिकवत.

तर या मॅडमचा एके दिवशी दुपारी फोन आला.

"घरी बसून कंटाळली नाहीस अजून?"

"नाही हो, वेळ कुठे असतो," असं फोटोवाली म्हणाली. त्या वेळी ती पलंगाखाली आडवी होती, कारण फौजदाराने तिथे चमचा जमा केला होता.

"हल्ली लोक बाळाला घेऊन स्टुडिओत यायला तयार नसतात. घरी या म्हणतात. मला कुठे जमतंय सगळीकडे? पुढच्या महिन्यात, पहिल्या शनिवारी एक काम आहे. बाळ तेव्हा दहा-बारा दिवसांचं असेल. पाच फोटो, पाचही झोपेतले. नीट झालं तर मंगळवार आणि शुक्रवार तुझे, कायमचे. नाही झालं तर बघू."

या 'बघू'चा अर्थ फोटोवालीला पुरेपूर ठाऊक होता. मॅडम ज्याला 'बघू' म्हणत, त्याच्याकडे पुन्हा ढुंकून बघत नसत.

मंगळवार आणि शुक्रवार. त्या दिवसापासून ती हे दोन वार मनातल्या मनात घोळवत राहिली. आठवड्यात दोन दिवस असे, की कुणीतरी तिला खिडकीतल्या उजेडाबद्दल विचारेल. "आज शी झाली का गं तिला?" असं नाही विचारणार. हे तिला किती हवं होतं ते तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, "मग जा की!" आणि तेवढ्याचीच तर भीती होती. दीड वर्षात हात विसरला असेल तर? मॅडमच्या स्टुडिओतल्या नव्या मुली पुढे निघून गेल्या असतील तर? कॅमेऱ्याची बटणंच आठवली नाहीत तर?

आता काम नीट व्हायचं तर माणसाला काय लागतं? सराव लागतो. हात बसावा लागतो, डोळा बसावा लागतो. फोटोवालीने यावर शांतपणे विचार केला आणि ठरवलं, की बॅग लागते.

जुनी एक बॅग होती म्हणा. काळी, चौकोनी, दुकानाच्या पाटीएवढ्या पिवळ्या अक्षरांत कंपनीचं नाव लिहिलेली. जणू 'आत कॅमेरा आहे, चोरांनी लाभ घ्यावा' अशी जाहीर सूचनाच. पण गेलं दीड वर्ष तिच्यात लंगोट आणि पुसण्या राहत होत्या, आणि कुठल्यातरी कप्प्यात एकदा दूध सांडलं होतं. कुठल्या, ते अजून सापडलं नव्हतं. वास मात्र रोज सापडे. बाहेर जायची दुसरी बॅग हत्ती-जिराफांची. ती खांद्याला लावून कामावर जाणं म्हणजे कपाळावर 'मी मधेच निघून जाणार आहे' असं लिहून घेणं.

म्हणून अटी ठरल्या. बॅग कॅमेऱ्याची दिसता कामा नये. आईची तर मुळीच दिसता कामा नये. कॅमेरा, तीन लेन्स, फ्लॅश, बॅटऱ्या, सगळं मावलं पाहिजे. पाऊस झेलता आला पाहिजे. खांद्यावरून घसरता कामा नये. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ती एका हाताने उघडली पाहिजे. दुसरा हात कशात अडकलेला असेल हे तिला कुणी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती, त्या हातात फौजदार होती आणि ती आईच्या कानातलं ओढत होती.

नवऱ्याला ही बातमी कळली आणि त्याचा चेहरा उजळला. तो संगणकावर काम करणारा माणूस. घरात अडचण आली की इतर लोक हात लावतात, हा तक्ता करी. दोन दिवसांत त्याने तेवीस बॅगा आणि चौदा रकाने असा तक्ता उभा केला. पट्ट्याची रुंदी, रिकामं वजन, शिवणीचा प्रकार, परत घेतात का. चांगल्या गोष्टी हिरव्या, वाईट तांबड्या. बाळाच्या लशींचा तक्ता मात्र गेल्या वर्षीपासून तिच्याच डोक्यात होता.

"ही बघ, सरासरीत ही पहिली येते," तो अभिमानाने म्हणाला.

तिने पाहिलं. पहिली आलेली बॅग करड्या रंगाची होती आणि आडव्या पडलेल्या फ्रिजसारखी दिसत होती.

"अरे, हे काय आहे?"

"नव्वदपैकी एक्याऐंशी गुण."

"आणि दिसायला?"

"दिसण्याचा रकाना मी मुद्दाम नाही केला. ते मोजता येत नाही ना."

"लग्नाआधी मला बघायला आलास तेव्हाही रकाने केले होतेस का?"

"तेव्हा तू एकटीच होतीस गं," नवरा म्हणाला. "तुलना कशाशी करणार?"

तो हे कौतुकाने म्हणाला होता. तिने ते कौतुकाने घ्यायचं की नाही, हा प्रश्न पुढे ढकलला.

सासूबाई बाजूला बसून शेंगा सोलत होत्या. "मी म्हणते," त्या अखेर म्हणाल्या, "कापडी पिशवी घ्यावी. आत टॉवेल गुंडाळावा. झालं."

"आई, ती लेन्स आहे. काचेची असते," फोटोवाली म्हणाली.

"मी काचेच्या बरण्या नेल्यात लांबच्या प्रवासात. एक फुटली नाही. तुमची काच काय वेगळी असते?"



मग फोटोवाली इंटरनेटवर गेली. तिथे एक दाढीवाला परीक्षक होता, तो प्रत्येक बॅग घेऊन डोंगरावर जाई. कड्याच्या टोकावर उभा राहून बॅग उघडी, बंद करी, सूर्यास्ताकडे बघे आणि म्हणे, ही बॅग तुम्हाला मोकळं करते. फोटोवालीने त्याचे एकोणीस व्हिडिओ पाहिले. एकाही व्हिडिओत त्याच्या कडेवर मूल नव्हतं. एकाही व्हिडिओत त्याला कुणी "मला शू लागली" असं सांगितलं नव्हतं. डोंगरावर एकट्या माणसाला कुठलीही बॅग मोकळं करेल. बॅगेची कसली हुशारी त्यात?

अशा रीतीने तीन आठवडे गेले. कॅमेरा अजून फळीवरच होता. "सराव कधी करणार?" असं नवऱ्याने एकदा विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "बॅग तर येऊ दे!" काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच, फक्त इथे कळसा नेमका कुठल्या काखेत नीट बसेल याचीच चौकशी चालली होती.

शेवटी शनिवार आठवड्यावर आला, तेव्हा ती फौजदाराला कडेवर आणि कॅमेरा पिशवीत टॉवेलात गुंडाळून (हे सासूबाईंना कळू दिलं नाही) बाजारातल्या मोठ्या दुकानात गेली. दुकानात गाणी अशी दणाणत होती की बॅगवाल्याला प्रत्येक वाक्य ओरडून बोलावं लागे. त्यामुळे तो प्रत्येक बॅगेच्या प्रेमात पडल्यासारखा वाटत होता.

"ताई, ही बॅग नाही! ही ओळख आहे!"

"ओळख नको. एका हाताने उघडते का?"

"एका बोटाने!"

आणि खरंच उघडली. खाकी जाड कापड, मेण दिलेलं, पाणी न शिरणारं. रुंद चामडी पट्टा. झाकणाला लोहचुंबक, बोट लावलं की अलगद वर. बाहेरून बघावं तर एखाद्या प्राध्यापिकेची वाटावी, जी उशिरा येते पण जिला कुणी काही म्हणत नाही. फोटोवालीने ती खांद्याला लावून आरशात पाहिलं. दीड वर्षात पहिल्यांदा आरशातली बाई कुठेतरी निघाल्यासारखी दिसली.

"आणि आत बघा!" बॅगवाला ओरडला. आत गादीसारखे कप्पे, प्रत्येक लेन्सला वेगळी खोली, प्रत्येक खोलीला वेल्क्रोचं झाकण. "उलटी करा, हलवा, आपटा! लेन्स जागची हलणार नाही! आतली सगळी वेल्क्रो आमची खास, दुप्पट पकडीची!"

तिने उलटी केली. हलवली. आपटली मात्र नाही. तेवढा विश्वास अजून बसला नव्हता. झाकणं उघडून पाहिली, गाण्याच्या ठेक्यात ती उघडली आणि मिटली. बॅग घेतली.

घरी आल्यावर बॅगेची परीक्षा झाली, तशी एखाद्या विमानाचीही होत नसेल. शॉवरखाली तिला दहा मिनिटं धरलं. साखरेचे पुडे भरून चार जिने चढ-उतर झाली. एका हाताने शंभरदा उघडली. आणि फौजदाराला तर ती इतकी आवडली की विचारू नका. आतल्या झाकणाचं टोक धरायचं, ओढायचं, चर्रर्र, आणि खदखदून हसायचं. पुन्हा चिकटवायचं, पुन्हा चर्रर्र. अर्धा तास मूल एका जागी बसलं. फोटोवालीने मनातल्या मनात बॅगेला आणखी दहा गुण दिले.

इथेच चूक झाली. पण ती चूक अशी होती, की तीत बुडालेल्या माणसाला पाणी दिसत नाही. दीड वर्ष अष्टौप्रहर एकाच मुलाच्या मागे असलेल्या बाईला जगातली सगळी मुलं दीड वर्षाचीच वाटू लागतात. आपलं मूल दहा दिवसांचं होतं तेव्हा चमचा खाली पडला तरी कसं दचकायचं, हे सगळं तिच्या डोक्यातून पुसलं गेलं होतं. निसर्ग ते दयेपोटी पुसतो असं म्हणतात, नाहीतर दुसरं मूल कुणी होऊच दिलं नसतं. आणि पूर्वी स्टुडिओत लेन्स उघड्या फळीवर मांडलेल्या असायच्या, हात लांब केला की हातात. बाळाच्या खोलीत बॅग उघडायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती.

शनिवार उजाडला. फौजदाराबद्दलच्या सूचना दोन पानं झाल्या होत्या. सासूबाईंनी ती पानं लांब धरून वाचली आणि पोळीच्या डब्याखाली ठेवली.

"मी याला यादीशिवाय वाढवलाय," त्या मुलाकडे बोट करून म्हणाल्या.

फोटोवालीने नवऱ्याकडे पाहिलं. तो 'घरून निघायची वेळ' असा रकाना भरत होता. तिने बॅग खांद्याला लावली.

ते घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दारावर कागद चिकटवलेला: 'बाळ झोपले आहे. कृपया बेल वाजवू नये.' तिने बेल वाजवली नाही, हलकेच टकटक केली. आतून कुणीतरी "कोण आहे?" असं एवढ्या मोठ्याने ओरडलं की बेल परवडली असती.

ओरडणारी ती आत्या; बाळाच्या बापाची आत्या, मदतीला म्हणून आलेली. स्वयंपाकघरात ती भांड्यांची अशी मदत करत होती की एकेक पातेलं आपली कैफियत मांडत होतं. बाळाचा बाप बाहेरच्या खोलीत फोनवर होता आणि ऑफिसमधल्या कुणाला तरी "नाही, नाही, मी रजेवर आहे, बोला ना" असं सांगत होता. वरच्या मजल्यावर कुणी भिंतीला भोकं पाडत होतं. आणि आतल्या खोलीत, पडदा ओढलेल्या खिडकीशी, बाळाची आई बसली होती. केस तीन दिवसांपूर्वी विंचरलेले. डोळ्यांखाली काळं. अंगावरचा कुर्ता उलटा.

तिने फोटोवालीकडे पाहिलं, मग बॅगेकडे पाहिलं, आणि कुजबुजली, "किती छान बॅग आहे हो."

तीन आठवडे, तेवीस बॅगा, चौदा रकाने, एकोणीस व्हिडिओ. सगळ्याचं सार्थक झालं. फोटोवालीचा खांदा बोटभर उंच झाला.

बाळ झोपायला पन्नास मिनिटं लागली. तेवढ्या वेळात फोटोवालीने पडदा सरकवला, उजेड पाहिला, खिडकीशी टोपली मांडली, दुपटं पसरलं. आणि नवल म्हणजे, हाताला सगळं आठवत होतं. कॅमेरा वरच्याच कप्प्यात होता. चुंबकी झाकण बोटाने उघडलं, आवाज शून्य. बाळ टोपलीत, मूठ गालाखाली. एक फोटो. थोडं बाजूला सरकून दुसरा. दोन्ही असे, की मॅडमनीही मान डोलवावी. मंगळवार आणि शुक्रवार तिला खिडकीबाहेर स्पष्ट दिसू लागले.

तिसरा फोटो पायाच्या बोटांचा. त्याला जवळून काढायची लेन्स हवी. तिने बॅगेत हात घातला, झाकणाचं टोक धरलं आणि ओढलं.

चर्रर्रर्र.

दुकानातल्या गाण्यात तो आवाज ऐकूच आला नव्हता. घरी तो हसण्यात बुडाला होता. त्या खोलीत मात्र कुणीतरी आभाळ मधोमध फाडावं तसा तो आला. बाळाचे दोन्ही हात हवेत उडाले, दहाही बोटं ताणली गेली, तोंड उघडलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग झालं.

"काय फाटलं गं?" आत्या झारा घेऊनच धावत आली.

"काय पडलं?" बाप फोन कानावरच धरून आला. "नाही, तुम्ही बोला, इथे जरा बाळ…"

बाळाच्या आईने फक्त डोळे मिटले. दीड वर्षापूर्वी फोटोवालीनेही असेच डोळे मिटले होते, दाराची बेल वाजली की, कुकर वाजला की, कुणी "झोपलं का?" असं विचारायला आलं की.

पुन्हा चाळीस मिनिटं. बाळ झोपलं. लेन्स अजून अर्ध्या उघडलेल्या झाकणाखाली अडकलेलीच. आता फोटोवालीने ठरवलं, हळू उघडू. एकेक काटा सोडवत. पण वेल्क्रोचं असं असतं, की झटक्यात ओढलं तर आवाज एकदम येतो, आणि हळू ओढलं तर तोच हप्त्याहप्त्याने येतो. च… र्र… बाळाच्या कपाळावर आठी आली. तिने हात काढला.

मग तिने बॅग उचलली, छातीशी धरली आणि चवड्यांवर चालत बाथरूममध्ये गेली. दार लावलं. नळ पूर्ण सोडला. दोन टॉवेल बॅगेवर घातले, वर स्वतः ओणवी झाली आणि एकामागून एक सगळी झाकणं ओढली. चर्रर्र. चर्रर्र. चर्रर्र.

बाहेर पावलं थांबली. दारावर टकटक झाली.

"अगं बाई," आत्याचा आवाज आला, काळजीने भिजलेला. "पोट बरं आहे ना तुझं?"

"हो, हो! बरं आहे!"

"ओवा देऊ का? संकोच करू नकोस हो. कामाच्या दिवशी होतं असं एखाद्याला."

फोटोवाली तीन लेन्स दोन हातांत धरून बाहेर आली. आत्याने आधी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग लेन्सकडे, आणि पुढे काही विचारायचं धाडस केलं नाही. तान्ह्या बाळाजवळ जायच्या आधी हात धुतलेस ना, एवढंच तिने विचारलं.

लेन्स खोलीत दुपट्यावर मांडल्या. झोपलेल्या बाळाच्या पायाची दहा बोटं निघाली, वाटाण्यासारखी. तिसरा फोटो. त्यानंतर वरच्या मजल्याने भिंतीला असं भोक पाडलं की बाळ उठलं ते पुन्हा झोपलंच नाही. पुढचे चाळीस फोटो एका लालबुंद, संतापलेल्या इसमाचे होते, ज्याला या जगात येऊन फक्त पश्चात्ताप झाला होता.

निघताना तिने बाळाच्या आईला म्हटलं, "माझ्यामुळे उठलं तुमचं बाळ. मला माफ करा."

बाळाच्या आईने मान हलवली.

संध्याकाळी तीन फोटो मॅडमना गेले. लगेच फोन आला.

"तीन?"

"तीनच झाले, मॅडम. बाळ माझ्या हातून उठलं. बॅगेच्या आवाजाने." भोकं पाडणाऱ्याचं नाव सांगता आलं असतं. सांगितलं नाही.

"बघू," मॅडम म्हणाल्या.

रविवारी फोटोवालीने बॅग जेवणाच्या टेबलावर पालथी घातली आणि ब्लेड घेऊन एकेक वेल्क्रो उसवायला बसली. बॅगेवर राग काढत होती असं म्हणता येईल. पण राग बॅगेवर नव्हता. तीन आठवडे ती जे करायचं टाळत होती ते तिला येत होतं. दोन फोटोंनी ते दाखवून दिलं होतं. फळीवरून कॅमेरा काढून एकदा तरी कुणाच्या झोपलेल्या बाळाजवळ बसली असती, तर पहिल्या पाच मिनिटांत कळलं असतं, बॅगेचं काय ते. ती बसली नव्हती. पट्ट्याची रुंदी मोजत राहिली होती.

"अगं, अगं! वॉरंटी जाईल!" नवरा कळवळला. त्याच्या मांडीवर संगणक होता. रात्रीत त्याने तक्त्यात पंधरावा रकाना घातला होता: 'आवाज'. तेवीसच्या तेवीस बॅगा त्या रकान्यात तांबड्या होत्या. "आता बरोबर उत्तर येतंय बघ. कुठलीच घ्यायची नव्हती."

"धन्यवाद," फोटोवाली म्हणाली.

सासूबाई येऊन उभ्या राहिल्या. उसवलेली बॅग त्यांनी उचलली, आतून बाहेरून पाहिली. त्या आता सांगणार, की कापडी पिशवी आणि टॉवेल. फोटोवालीने मनाची तयारी केली.

"झबल्याला बटणं का नसतात, माहीत आहे?" सासूबाई म्हणाल्या.

"टोचतात म्हणून?"

"टोचतात, वाजतात, तोंडात जातात. म्हणून नाड्या. झोपलेल्या मुलाचं झबलं बदलता येतं नाडी सोडून, कळतसुद्धा नाही त्याला. तुमच्या त्या दाढीवाल्याला विचारा, त्याने बदललंय का कधी." त्या सुई-दोरा घेऊन बसल्या. "आण इकडे. कापड दे मऊ. आणि ते ब्लेड ठेव, फौजदार बघतेय."

सोमवारी दुपारपर्यंत सहा कप्प्यांना बारा नाड्या लागल्या. बाहेरून प्राध्यापिका, आतून झबलं. शेवटची गाठ सासूबाईंच्या दातांत असताना फोन वाजला.

"शनिवारच्या त्या बाळाच्या आईचा फोन होता मला," मॅडम म्हणाल्या. आवाजात जरा तक्रार होती, जणू कुणी त्यांना न विचारता चांगली बातमी आणून टाकली होती. "तीन फोटोंबद्दल अवाक्षर नाही. म्हणाल्या, दहा दिवस माझ्या घरात सगळे बाळाजवळच आवाज करून वर 'श्श' म्हणतायत. आवाज करायचा म्हणून उठून दुसरीकडे गेलेली ही पहिली बाई. दर महिन्याला बाळाचे फोटो हिच्याकडूनच काढणार म्हणे. तू केलंस तरी काय तिथे?"

"बाथरूममध्ये गेले होते."

"एवढंच?"

"एवढंच."

मॅडमनी सुस्कारा सोडला. "ठीक आहे. उद्या मंगळवार, नऊला ये. मंगळवार तुझा."

फोटोवालीने सासूबाईंना अंगठा वर करून दाखवला. सासूबाईंनी दातातली गाठ सोडली. फौजदाराने संधी साधून रीळ जप्त केलं.

"आणि शुक्रवार, मॅडम?"

"शुक्रवारी मी स्वतः जाणार आहे. जुळी आहेत, आठ दिवसांची. मोठ्या घरचं काम, असं कुणावर सोडता येत नाही. तुझा अनुभव अजून, तसा, घरगुतीच ना." मग मॅडमचा आवाज अचानक मऊ झाला. "बरं ऐक, त्या बाई तुझ्या बॅगेचं फार कौतुक करत होत्या. इतकी स्टायलिश, म्हणे. माझ्याकडे ती चाकांची पेटी आहे, ती घेऊन काय जिने चढणार? कुठून घेतलीस? पत्ता पाठव."

फोटोवालीने टेबलाकडे पाहिलं. तिथे उसवलेल्या वेल्क्रोच्या पट्ट्या पडल्या होत्या, दुप्पट पकडीच्या.

"पाठवते, मॅडम," ती म्हणाली.

तिने दुकानाचा पत्ता पाठवला. कितव्या मजल्यावर, कुठल्या बाजूला, सगळं नीट लिहिलं. बॅगवाल्याचा नंबर दिला. मग थोडा विचार केला, आणि मदत करायचीच तर पूर्ण करावी म्हणून खाली एक ओळ आणखी घातली: 'खाकीच घ्या मॅडम, डाग दिसत नाहीत.'